कवडीचा बट्टा

भिलाईच्या एखाद्या घरात मालदीवच्या सहलीचा बेत ठरतो, तेव्हा पहिली चर्चा समुद्राची होत नाही. ती पैशाची होते. डॉलर किती बरोबर घ्यावेत, कार्ड कोठे चालेल आणि कोठे चालणार नाही, रुपयाचे डॉलर करताना बँक किती कापून घेईल, परतताना उरलेल्या रुफिया कोण घेईल, असे प्रश्न एकामागून एक निघतात. मालदीवचे चलन रुफिया. शंभर लारींची एक रुफिया. परंतु तेथील पर्यटकांच्या विश्रामस्थानांची बिले बहुधा अमेरिकी डॉलरांत होतात, आणि मालेच्या पेठेतल्या लहान दुकानात मात्र रुफियाच बरी पडते. २०२४ च्या ऑक्टोबरात भारताचे रुपे कार्ड मालदीवमध्ये वापरास खुले झाले. तरीही हिशेबाची काळजी सुटलेली नाही. या चर्चेच्या ओघात कोणीतरी सहज म्हणून जातो, ‘तिथे आपला रुपया कवडीमोल!’ आणि बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही की, ज्या कवडीचे नाव त्याने घेतले ती कवडी त्याच बेटांवरून आलेली आहे. पर्यटक ज्या बेटांवर आज आपले नाणे घेऊन जातो, त्या बेटांनीच एके काळी त्याच्या मुलखाला नाणे पुरविले होते.

मराठी भाषेत कवडी अद्याप चांगलीच चालते. कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. तुळजापूरच्या भवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. छत्तीसगडातील राऊत दिवाळीच्या सुमारास नाचावयास निघतात, तेव्हा त्यांच्या अंगरख्यावर कवड्या टाकलेल्या असतात. पूजेत, खेळात आणि म्हणीत उरलेल्या या वस्तूने कित्येक शतके खरोखरीच्या पैशाचे काम केले, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूला मध्यदेशातील बाजारांत कवड्यांनी खरेदी-विक्री होताना दिसली. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली, तिच्या आरंभीच्या परिभाषेत नाण्यांचे कोष्टक आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. वराटक म्हणजे कवडी. सोन्यापर्यंत चढत जाणाऱ्या त्या शिडीची पहिली पायरी समुद्रातला एक लहानसा शंख होता, आणि एका पणात अशा ऐंशी कवड्या होत्या. हा ऐंशीचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

कवडी भारताच्या किनाऱ्यावर अगदीच सापडत नाही असे नाही. परंतु नाणे म्हणून चालणारी पिवळसर-पांढरी, गुळगुळीत, लहान कवडी जिथे अमाप मिळे, ती जागा म्हणजे मालदीवची बेटे. नवव्या शतकाच्या मध्यावर, ८५१ च्या सुमारास, लिहिल्या गेलेल्या अरबी वृत्तांतात या बेटांची सत्ता एका राणीकडे असल्याचे आणि तिची संपत्ती कवड्यांची असल्याचे नमूद आहे. नारळीच्या झावळ्या पाण्यावर टाकाव्यात, कवड्यांचे जीव त्यांना चिकटावेत आणि मग त्या ओढून घ्याव्यात, अशी ती रीत होती. अकराव्या शतकात अल्बेरूनीने या बेटांचे दोन वर्ग सांगितले आहेत, एक कवड्यांची बेटे आणि दुसरी काथ्याची बेटे. तेथील दोन मोठे व्यापार त्याने दोन नावांत पकडले.

१३४३ मध्ये इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मालदीवला पोचला आणि काही काळ तेथे काझी झाला. तो पोचला तेव्हा तेथील वजिराने त्याच्याकडे वस्त्रे, अन्नसामग्री आणि खर्चासाठी एक लाख कवड्या पाठविल्या. बेटावर आलेल्या पाहुण्याच्या हातखर्चाची ही जुनी नोंद आजच्या सहलकरूला गंमतीची वाटेल; परंतु तिच्यात हिशेबही आहे. इब्न बतूताच्या सांगण्याप्रमाणे तेथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या पडत, आणि भाव उतरला की बारा लाखांपर्यंतही मिळत. म्हणजे लाख कवड्यांची ती थैली पाव दिनाराची होती. मोजणीसाठी शंभर, सातशे, बारा हजार आणि एक लाख अशा संख्यांना स्वतंत्र नावे होती. बंगालचे व्यापारी तांदूळ घेऊन येत आणि कवड्या घेऊन जात. तांदूळ न पिकणाऱ्या बेटांना त्या व्यापाराने अन्न मिळे. हाच प्रवासी पुढे १३५२-५३ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम भागात, माली राज्यात गेला, तेव्हा तेथेही त्याला तीच कवडी नाणे म्हणून चालताना आढळली. फक्त तेथे दिनाराला अकराशे पन्नासच कवड्या मिळत होत्या. जिथे वस्तू समुद्रातून उचलावी तिथे ती स्वस्त, आणि जिथे ती वाळवंट ओलांडून यावी तिथे ती महाग. विनिमयाच्या दराचा इतका सोपा धडा दुसरा सापडणे कठीण.

सतराव्या शतकात पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला लागला आणि सुमारे पाच वर्षे तेथे अडकून पडला. महिन्यातून दोनदा, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे तीन दिवस, ओहोटीत कमरेइतक्या पाण्यात उतरून बायका कवड्या गोळा करीत. नारळीच्या पानांच्या परड्यांत बारा-बारा हजार कवड्या भरून त्या विकावयास जात. केवळ कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे निघताना आपण पाहिली, आणि तो सारा माल बंगालकडे जातो, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच शतकात टॉमस बाऊरी या इंग्रज खलाशाने ढाका, बालेश्वर आणि पिपली या बंदरांतील जहाजांचा हिशेब दिला आहे. त्यांतील सहा-सात जहाजे दरसाल कवड्या आणि काथ्या आणण्यासाठी मालदीवला जात.

यांपैकी बालेश्वर हे बंदर मराठी इतिहासाशी जोडलेले आहे. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाला, तो छत्तीसगडातून. दुर्गचा मातीचा किल्ला त्या वेळी मराठ्यांच्या हालचालींचा तळ झाला. याच किल्ल्यापासून अगदी जवळ आजची भिलाई आहे. रतनपूरच्या हैहय राजाने शरणागती पत्करली. १७५१ मध्ये ओरिसा, म्हणजे आजचा ओडिशा, भोसल्यांच्या ताब्यात आला, आणि त्याबरोबर बालेश्वरही आले. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार स्वतः पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचा अंत झाला. दफ्तरात मोडी लिपी आली, मराठी आली. नागपूरपासून कटकपर्यंतच्या या लांबलचक पट्ट्यात मराठी कारकुनाची लेखणी चालू लागली.

परंतु त्या कारकुनाच्या वहीत जो रुपया लिहिला जाई, तो बाजारात क्वचितच दिसे. छत्तीसगडच्या खेड्यात सारा पुष्कळसा धान्यात मोजला जात असे, आणि आठवडे-बाजारातील किरकोळ देवघेव कवड्यांनी होई. ओरिसात तर सरकारी वसुलीचा हिशेबच कवड्यांत होता. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण, हे कोष्टक पूर्व भारतात लहान मुलालाही पाठ असे. चार काहणांचा एक रुपया धरला, म्हणजे रुपयाला ५,१२० कवड्या झाल्या. रुपयाचे चौसष्ट पैसे. तेव्हा एका पैशाला बरोबर ऐंशी कवड्या, म्हणजे एक पण. भास्कराचार्यांच्या कोष्टकातला ऐंशीचा आकडा सहाशे वर्षांनंतरही आपल्या जागी उभा होता.

या ऐंशीच्या आकड्यातच कवडीची खरी उपयुक्तता दडलेली आहे. तांब्याचा पैसा हे शहरातील माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक नाणे. पण खेड्यातल्या मजुराच्या दृष्टीने तो पैसाही मोठा होता. चिमूटभर मीठ, विड्यापुरती तंबाखू, मुलासाठी मूठभर चणे, एवढ्या खरेदीसाठी पैशाचेही तुकडे लागत, आणि ते तुकडे कवडी पुरवीत असे. बंजाऱ्यांचे तांडे समुद्रकिनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवरून छत्तीसगडात आणीत आणि परतताना येथील धान्य नेत. ज्या वाटेने मीठ येई, त्याच वाटेने मिठाची किंमत मोजण्याचे साधनही येई. कवडी खोटी पाडता येत नाही, कातरता येत नाही, गंजत नाही, कुजत नाही. तिला टांकसाळ लागत नाही. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही ती ओळखता येते. गरिबाच्या हाती पडणारे इतके प्रामाणिक नाणे कोणत्याही राजाने पाडले नसेल.

सरकारला मात्र हे नाणे गैरसोयीचे होते. रुपयाचे वजन सुमारे एक तोळा. तेवढ्याच किमतीच्या कवड्यांचे वजन पाच-सहा किलो भरे. १७७८ च्या सुमारास सिल्हेट येथे ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी म्हणून गेलेल्या रॉबर्ट लिंडसे याने याचे मोठे बोलके वर्णन केले आहे. त्या जिल्ह्याचा वार्षिक वसूल अडीच लाख रुपये होता, आणि तो कवड्यांत येई. रुपयाला ५,१२० या दराने तो सव्वाशे कोटींहून अधिक कवड्यांचा होतो. त्या साठविण्यासाठी मोठमोठी कोठारे लागत. मग नावांचा तांडा भरून त्या ढाक्याला जात आणि तेथे विकल्या जात. या सगळ्या उठाठेवीत शेकडा दहापेक्षा कमी नुकसान होत नसे, आणि वाटेतल्या चोऱ्यांचा हिशेब त्यात धरलेलाच नव्हता. कवडीचा त्याग करून रुपया पत्करावा, असे कोणत्याही कारभाऱ्यास वाटले, तर त्यात नवल नव्हते.

येथे ‘बट्टा’ या शब्दाकडे वळले पाहिजे. एक नाणे देऊन दुसरे घेताना जी कसर सोसावी लागते, ती बट्टा. नाणे बदलून देणाऱ्याच्या मोबदल्याला मराठीत वटणावळ म्हणतात. मराठी राज्यात निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत; प्रत्येकाचा कस निराळा, वजन निराळे, आणि म्हणून बट्टाही निराळा. सराफाच्या दुकानात रुपया वाजवून, घासून, पाहून मग त्याचा भाव ठरे. त्यामुळेच की काय, चारित्र्याला कमीपणा आला तर नावाला ‘बट्टा लागला’ असे मराठी माणूस म्हणतो. भोसल्यांच्या अमलात रयतेला बट्ट्याचा जाच नव्हता, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ओरिसातील वसूल नागपुरास पोचवायचा तर तो कवड्यांच्या पोत्यांनी पोचत नसे. त्याची हुंडी करावी लागे, आणि हुंडीची कसर शेवटी कुणबीच भरीत असे. मात्र त्या राज्यात एक मर्यादा होती. रयतेने कवडी दिली, तर सरकार ती घेत असे. चांदी शोधण्याचे काम सरकारचे आणि सावकाराचे होते, शेतकऱ्याचे नव्हते.

१८०३ मध्ये ओरिसा कंपनीच्या हाती गेला आणि ही मर्यादा संपली. थोड्याच वर्षांत जमिनीचा सारा चांदीच्या रुपयांतच भरला पाहिजे, असा दंडक आला. वरकरणी हा केवळ हिशेबाच्या सोयीचा बदल होता. रुपयाला चार काहण हा दर कागदावर होता तसाच राहिला. पण बाजारात चांदी कोठे होती? जी होती ती साऱ्याच्या रूपाने कलकत्त्याकडे जात होती. ज्याला सारा भरावयाचा आहे, त्याने आपले धान्य विकून कवड्या मिळवायच्या आणि त्या कवड्या घेऊन सराफाच्या दारात उभे राहायचे. रुपयाची निकड जितकी वाढली, तितकी कवडी उतरली. चार काहणांचा रुपया सहा-सात काहणांवर गेला. चार काहणांच्या दराने ज्याला एका रुपयासाठी ५,१२० कवड्या पुरत होत्या, त्याला सात काहणांच्या दराने ८,९६० मोजाव्या लागल्या. साऱ्याचा आकडा एका पैनेही न वाढता सारा जवळजवळ पावणेदोनपट झाला. सरकारच्या वहीत त्याची नोंद कोठेच नव्हती, कारण सरकारला एकच रुपया मिळाला होता.

त्यात मिठाचा मक्ता आला, आकारणी वाढली, थकबाकीसाठी जमिनींचे लिलाव दूर कलकत्त्यात होऊ लागले, पिढीजात पाइकांची इनामे गेली. १८१७ मध्ये खुर्द्याचे पाइक बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली उठले. बाणपूरचे ठाणे जाळले गेले आणि सरकारी खजिना लुटला गेला. उठाव मोडल्यावर कारणांचा शोध घेण्यासाठी वॉल्टर यूअर याची नेमणूक झाली. त्याच्या चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत कवडीचे चलन बंद करून चांदीत वसूल मागणे हेही एक होते. एका उठावाचे कारण एकच कधी नसते. परंतु समुद्रातला हा शंख त्या कारणांत मोजला गेला, हे विसरता येत नाही.

छत्तीसगडात इतका भडका झाला नाही. १८१८ मध्ये भोसल्यांचा पराभव झाल्यावर छत्तीसगडचा कारभार काही वर्षे इंग्रज अधीक्षकांकडे होता. त्यांपैकी मेजर ॲग्न्यू याने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलविली आणि प्रांताची तपशीलवार पाहणी केली. हिशेबाला नागपुरी रुपया हे माप झाले. १८३० मध्ये मुलूख तिसऱ्या रघूजींकडे परत आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकशेऐंशी ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला गेला होता. नागपुरी रुपया त्याच्यापेक्षा हलका. पुन्हा एकदा जुन्याचे नवे करताना बट्टा आला. बाजारातली कवडी या राजकीय उलथापालथीत एकदम नाहीशी झाली नाही. ती मागे मागे सरत गेली. १८८० च्या दशकात नागपूरकडून आगगाडी आली, मीठ बैलांऐवजी डब्यांतून येऊ लागले, तांब्याचा पैसा आणि पै खेड्यापर्यंत पोचली, आणि कवडी राउतांच्या अंगरख्यावर जाऊन बसली.

कवडीचा शेवट अन्यत्र याहून दारुण झाला. डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या युरोपात नेल्या, तेथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरविल्या, आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. छत्तीसगडच्या बाजारात जी चिमूटभर मीठ आणीत असे, ती तेथे गुलामाची किंमत झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झांझीबारकडच्या मोठ्या कवड्या जहाजे भरभरून तेथे ओतल्या गेल्या. कवड्या वाढल्या, त्यांचे मोल गेले, आणि आयुष्यभर ज्यांनी त्या साठविल्या होत्या, त्यांची पुंजी डोळ्यांदेखत माती झाली. जो परका व्यापारी त्या आणीत होता, त्याची पुंजी मात्र दुसऱ्या नाण्यात होती.

आता पुन्हा भिलाईकडे यावे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेले नागपूरचे आणि छत्तीसगडचे हे नाते १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेच्या वेळी, तुटले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी मिळालेले सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचे आणि बारा वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे होते. त्यातील लक्षणीय गोष्ट ही की, ते रुपयांत फेडावयाचे होते. सोव्हिएत संघाने त्या रुपयांतून भारतीय माल खरेदी करावा, अशी योजना होती. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने डॉलर किंवा पौंड शोधीत फिरावे, हा प्रसंग त्यामुळे टळला. ज्याच्याकडे जे नाणे आहे, ते घणेकऱ्याने स्वीकारावे, हे तत्त्व या करारात होते. ओरिसाच्या शेतकऱ्याला १८०३ नंतर जे नाकारले गेले, नेमके तेच एका स्वतंत्र राष्ट्राने दीडशे वर्षांनी वाटाघाट करून मिळविले.

कारखाना उभा राहत असतानाच देशाच्या नाण्यातही बदल झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. भात मोजून मजुरी घेणारा भोवतालच्या खेड्यांतील माणूस बांधकामावर रोख मजुरी घेऊ लागला होता; त्याच्या हाती आणे होते आणि दुकानदाराच्या फळीवर नव्या पैशांचे कोष्टक होते. हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे नसते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस नवे पैसे ठरले. पावली सुटली की हिशेब चोख. पण ज्याची खरेदी आण्या-दोन आण्यांची, त्याचा पाव किंवा अर्धा पैसा प्रत्येक वेळी कोष्टकात अडकून राही. हा बदल आवश्यक होता आणि सर्वांच्या हिताचा ठरला, यात शंका नाही. तरीही त्या पाव पैशाची झळ पहिल्यांदा कोणाला लागली, हे पाहिले की जुनी ओळख पटते.

पैशाचा इतिहास राजांच्या मुद्रांनी सांगण्याची प्रथा आहे. परंतु खालून पाहिले, तर तो बट्ट्याचा इतिहास दिसतो. नाणे बदलते, कधी शंखाचे धातूचे होते, कधी धातूचे कागदाचे, कधी कागदाचे केवळ एका नोंदीचे. प्रत्येक बदलाला काही समंजस कारण असते, आणि ते कारण बहुधा हिशेब ठेवणाऱ्याच्या सोयीचे असते. त्या सोयीची किंमत मात्र कोणीतरी मोजतोच. ज्याच्याजवळ सवड आहे, माहिती आहे, दोन प्रकारची नाणी बाळगण्याची ऐपत आहे, तो ती चुकवितो. ज्याच्याजवळ एकच नाणे आहे आणि ज्याला आजच देणे भागवायचे आहे, तो ती भरतो. म्हणून चलन बदलणाऱ्या राज्यकर्त्याने नवे नाणे किती सुबक आहे हे सांगण्यापूर्वी, जुने नाणे घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या शेवटच्या माणसाकडून ते कोणत्या दराने घेतले जाईल, याचे उत्तर द्यावयास हवे. खुर्द्याच्या राखेतून एवढा धडा तरी उचलण्यासारखा आहे.

मालदीवला निघालेल्या भिलाईच्या कुटुंबाला बट्टा फार जड जात नाही. बँकेच्या कागदावरची एक ओळ एवढेच त्याचे रूप. ती वाचून थोडी कुरकुर होते आणि सहल सुखाने पार पडते. परंतु ज्या दुकानात ते काही वस्तू घेतील, तेथील ‘रुफिया’ या शब्दाचे मूळ आपल्या रुपयाचेच, संस्कृत ‘रूप्य’ हेच आहे. आणि लारी हे नाव तर आदिलशाहीच्या काळी दाभोळच्या बाजूला चालणाऱ्या चांदीच्या तारेच्या नाण्याचे. बेटांनी इकडे कवडी पाठविली, इकडून तिकडे शब्द गेले. २०२४ मध्ये भारत व मालदीव यांच्या मध्यवर्ती बँकांनी चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपये यांच्या अदलाबदलीचा करार केला, तोही याच जुन्या देवघेवीचा नवा अध्याय म्हणावा लागेल.

छत्तीसगडात दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची रीत बिंबाजी भोसल्यांनी सुरू केली, असे तेथे मानतात. त्या पानात सोन्याचा कणही नसतो. देणारा आणि घेणारा दोघेही ते जाणतात. तरी ते दोन्ही हातांनी दिले जाते, कपाळाला लावून घेतले जाते, आणि त्या व्यवहारात बट्टा कोणालाच पडत नाही. कवडी असो, कागद असो की कार्ड असो, प्रत्येक नाणे अखेरीस असल्याच एका विश्वासावर चालत असते. तो विश्वास दुबळ्या माणसाच्या बाबतीत मोडला, की नाणे कितीही खणखणीत वाजो, राज्याच्या नावाला बट्टा लागतो.